कोरडं पुसायचं

सेलू स्टँडच्या मुतारीत मी आधी चिनी मातीची भांडी बसवली.
सहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चार उरली,
निकालाच्या रात्री एक.
आरसा तर महिनाही टिकला नाही. त्याचे तुकडे
कौसाबाईंनी घमेल्यात भरून नेले,
त्यातल्या एका तुकड्यात बघून अजून कुंकू लावतात.

मग आलं स्टील. जाड पत्रा, कुठं धरायला कड नाही,
लाथ मारली तर लाथेलाच लागतं.
स्क्रूच्या डोक्यात तारा, ताऱ्याच्या पोटात खुंटी,
उघडायची चावी तालुक्यात एकच,
ती माझ्या करदोड्याला.
बायको म्हणते, तिजोरीची असल्यागत मिरवता,
आत आहे काय एवढं?
आत काय असणार. पाईप.

गंजणार नाही, असं मी डेपोला सही करून दिलं होतं.
आठव्या महिन्यात फोन :
लिंबाजी मिस्त्री, तुमच्या स्टीलला देवी आल्यात.

गेलो. खरंच. नळाच्या बुडाशी, जोडाच्या रेघेवर
तांबूस ठिपके, सुईनं टोचल्यासारखे.
कोपऱ्यात ठेकेदाराचा निळा कॅन, आसिडचा,
त्यावर तारेची घासणी, साध्या लोखंडाची.
आणि बोअरचं पाणी असं मचूळ
की थेंब वाळला तरी मीठ मागं ठेवून जातो.

उकिडवा बसून म्हटलं, बाई,
याच्या अंगावर साय असते. दिसत नाही.
हवा लागली की धरते,
ओरखडा गेला की पुन्हा धरते, आपली आपण.
आसिड ती साय खातं.
घासणी आपले कण मागं सोडते, गंजतात ते,
नाव जातं स्टीलचं.
साबणाचं पाणी घ्या, मऊ फडकं घ्या,
वरून गोडं पाणी,
आणि कोरडं पुसायचं. कोरडं. बास.

"कोरडं?" त्या म्हणाल्या. "परभणीची गाडी लागली
की पन्नास माणसं येतात एका दमात."
मग हात पुढं केले.
पेरापेरावर सालं निघालेली, नखं पिवळी.
"ते आसिड मलाबी लागतंच की, मिस्त्री.
माझी साय कवा धरायची?"

मी करदोडा चाचपला, उगीचच.

ठेकेदाराला भेटलो. तो म्हणाला, बंद कसं करू,
वास आला नाही तर साहेबांना
साफ केल्यासारखं वाटत नाही.

किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं, पाव किलो,
कोमट पाण्यात कालवून दुपारभर चोळलं.
तांबूस गेलं. टोचे राहिले.
निळा कॅन मी सायकलला बांधून घरी नेला,
ही चोरीच झाली,
नोंद नाही कुठं.

परवा गेलो तर कुणीतरी खिळ्यानं पत्र्यावर कोरलेलं,
मोठ्या अक्षरात : सोनपेठचा वाघ.
अक्षरं लखलखीत, एकालाही गंज नाही.
कौसाबाई हाताला दुधाच्या पिशव्या बांधून
जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं पुसत होत्या,
वाघाच्या घ मध्ये पाणी अडकतं म्हणून
तिथं फडक्याचं टोक वळून,
दोनदा.