आळं

ती मला मामा म्हणते.
तिच्याकडे आईला मामाच म्हणतात म्हणे,
वयानं मोठ्या कुठल्याही बाईला.
फैजपुरात गल्लीतली पोरं दात काढतात,
'इंदूमामा, मिशा कुठं गेल्या?'
मी डबे भरत राहते.

बेचाळीस डबे. त्यातला एक सोलांजचा,
कॅमेरून देश, कॉम्प्युटरचं तिसरं वर्ष,
माझ्याच वरच्या खोलीत भाड्यानं.
पौषात तिचा डबा भरलेलाच खाली आला.
सोमवारी. मंगळवारी.
बुधवारी शेवभाजी होती, तीही तशीच,
तवंगात कुणी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं.

जिना चढून गेले.
ती चादरीत. ताप नव्हता.
'क्या खाना है, बोल.'
तिची हिंदी माझ्याइतकीच मोडकी,
म्हणून आमचं बरं जमतं.
तिनं फोन पुढं केला. फोटोत
अळकुड्या.
एवढंच?
बाई गं, ह्या तर सावद्याच्या बाजारात
कांद्यांच्या पलीकडे पोत्यावर पडलेल्या असतात,
कुणी ढुंकून बघत नाही.

दोन किलो आणल्या. आणि सहा कच्ची केळी,
पुना झोपेच्या बागेत ट्रक भरताना
घडावरून निखळलेली, फुकट.
सालीसकट उकडायचं, चटके सोसत सोलायचं,
मग कुटायचं. कशात?
मी भरताची बडगी काढली.
पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांखेरीज
त्या लाकडाला दुसरं काही ठाऊक नव्हतं.
सोलांज उभ्यानं कुटत होती,
जोर कमरेतून, खांद्यातून नाही,
तेव्हा कळलं, कॉम्प्युटरच्या खूप आधी
ही पोर कुणाच्या तरी अंगणात हे शिकलीय.
गोळा ताणायला लागला, चकाकायला लागला.
माझे हात कोपरापर्यंत खाजत होते.
चिंच चोळली. काही उपयोग नाही.

रस्सा पिवळा हवा.
तिच्या गावी लाल तेल असतं, ताडासारख्या झाडाच्या फळाचं,
त्यात खाराचं पाणी ओतलं
की लाल मोडतं, पिवळं होतं.
हे सगळं तिनं दोन्ही हातांनी सांगितलं.
खार? मी पापडखाराची पुडी दाखवली.
तिनं जिभेला लावला, डोळे मिटले,
मान हलवली : चालेल.
तेलाचंच जमेना.
दुकानातलं पामतेल धुतलेलं, बिनवासाचं,
स्वतःचं गाव विसरलेल्या माणसासारखं.
शेवटी शेंगदाण्याचं तेल, हळद,
आणि तिच्या आईनं पाठवलेल्या कसल्याशा बिया,
मोजून चार. पाचवी तिनं परत डबीत टाकली.

ताटात गोळा थापला,
मधे खळगा केला,
पाण्याच्या हातानं कडा फिरवल्या
आणि रस्सा आत सोडला.
अगं, हे तर आळं!
भाताला करतो ते. केळीच्या बुंध्याशी करतो ते.
'आळं,' मी म्हटलं.
'आलाँ,' ती नाकातून म्हणाली, आणि हसली.
फ्रेंचमधे त्याचा अर्थ, चला.

एकाच बोटानं खायचं.
कड खरवडत, रस्सा ओढत,
आळं फुटू द्यायचं नाही.
माझं दुसऱ्याच घासाला फुटलं.

तिनं चाखलं. 'हे ते नाही,' म्हणाली.
मग सगळं संपवलं.
मला वाटलं होतं रडेल. नाही रडली.
उलट माझ्या ताटात आणखी वाढलं
आणि समोर उभी राहिली,
मी खाते की नाही बघत.
एकोणीस वर्षं डबे भरतेय मी.
असं कुणी उभं राहण्याची सवय नव्हती.
मीठ कमी होतं,
ते मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बडगी तीनदा धुतली.
तरी ढाके सरांनी रिकाम्या डब्यातून चिठ्ठी पाठवली,
भरीत आज जरा चिकट लागलं.
मी उलट निरोप धाडला,
वांगी बामणोदची नाहीत, सर,
ह्या खेपेला लांबून आलीत.
आणि कोपर खाजवत
पुढचा डबा भरायला घेतला.