सातवा खांब

उतारावर बारा खांब रोवले आम्ही मार्चमध्ये,
बर्फ वितळायच्या आत.
प्रत्येकाच्या पोटात नखाएवढं यंत्र, कललं की कळवणारं,
आणि मातीत कोपरभर खुपसलेली सळई,
ओल किती चढली ते चाचपत बसलेली.
तार नाही. दर दहा मिनिटांनी प्रत्येक खांब
खालच्या शाळेच्या छपराला एकच वाक्य सांगतो:
मी आहे, इतका कललो, इतका भिजलो.

सातवा खोटं बोलायचा.
रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास
अर्धा अंश पूर्वेकडे, वीस मिनिटांनी पुन्हा जाग्यावर.
ओशच्या कार्यालयातून ताबिल्दी म्हणाला, बॅटरी.
मी म्हणालो, गाढव. पाठ खाजवतंय.
मेंढीच्या खांद्याची पैज लागली
आणि मी डोंगर चढलो.

बुरुलचा आपा होती.
नवऱ्याच्या थडग्याशी आलेली, गुडघे धरून.
बसता-उठता टेकायला
सरकारनं खांब दिलाय, असा तिचा समज.
'साम्साली,' ती मातीला सांगत होती,
'लाल गाय व्यायली. पिठाचं पोतं तळाला गेलंय.'

मी समजावलं: हा उतार चालतोय, आपा.
महिन्याला चार मिलिमीटर. गावाकडे.
'चार म्हणजे किती?'
मी दोन बोटांत फट धरून दाखवली,
गव्हाचा दाणाही उभा मावणार नाही एवढी.
तिनं त्या फटीतून बराच वेळ खाली घराकडे पाहिलं.
'म्हणजे घरीच येतोय की,' म्हणाली.
'जिवंतपणी तरी कुठे घाई केली त्यानं.'

मी हसलो होतो. नंतर त्याची लाज वाटली.
नाही, तितकीशी नाही वाटली.

सतरा एप्रिलच्या रात्री पाऊस बर्फावर पडला.
नववा म्हणाला एकवीस. अकरावा म्हणाला चाळीस,
मग अकरावा काही म्हणालाच नाही.
पायाखालची वाळू सरकली, असं आपण सहज बोलून जातो.
पडद्यावर ती सरकते तेव्हा
फक्त एक चौकट रिकामी होते.

भोंगा. त्रेचाळीस घरं, मेंढरं,
कुणाच्या हातात उकळती किटली तशीच,
सगळे नदीपलीकडे. माणसं मोजली.
एक कमी.

फोनवर ताबिल्दी. 'सातवा कललाय,' म्हणाला,
'अर्धा अंश. पूर्वेकडे.'
रात्रीचे दोन वाजले होते.

पाठुंगळीला घेऊन उतरलो तिला. भिजलेल्या मेंढीइतकी जड,
आणि वाटभर माझ्याच कानात रागावत होती:
'सांगू नको? पत्ता बदलतोय, त्याला सांगायला नको?'

पहाटे उतार आला.
शाळा गेली, जर्दाळूची झाडं गेली,
आपाचं अंगण कुठे होतं ते आता
नदीच्या वळणावरून अंदाजानं सांगावं लागतं.
तिथेच सापडला सातवा, चिखलात आडवा.

नोंदवहीत ताबिल्दीनं लिहिलं: सातवा, गहाळ.
नदीपलीकडच्या नव्या वस्तीत एका दाराशी
एक खांब उभा आहे, तो आमच्या हिशेबात नाही.
संध्याकाळी सहाला कलतो थोडा.
आम्ही त्याची दुरुस्ती करत नाही.