एकाच मुंडक्याचा कुत्रा

सासू पुढं, मी मागं.
सिंदेवाहीकडून चढणारी ही टेकडी,
मोह वेचून संपलेला,
तेंदूची पानं तोडून नेलेली,
खाली बोडीत चिखलापुरतं पाणी.
"तुमच्या थ्या देशात होतं ना भुयार," ती म्हणाली होती,
"तसंच एक आमच्या डोंगरात बी हाये. चला."

तिला मी सांगितलं होतं ते असं:
ग्रीस नावाच्या देशाचं एक टोक
दक्षिणेकडं समुद्रात शिरतं,
त्या टोकाच्या नखाशी गुहा.
जहाजावर बावीस वर्षं ऑइलर होतो मी.
सुटीच्या दिवशी बाकीचे बंदरात बाटल्या शोधत होते,
मी बस धरली, बस संपली तिथून चालत गेलो.
जुने लोक म्हणत, मेलेल्यांच्या गावाचं दार ते.
राखणीला तीन मुंडक्यांचा कुत्रा.
आणि एक गाणारा माणूस, बायको साप चावून गेलेली.
तो आत शिरला, गायला,
कुत्रासुद्धा गप पडला म्हणे.
बायको मिळाली. अट एकच:
उजेडात येईस्तोवर मागं बघायचं नाही.
त्यानं बघितलं.

सासू तेव्हा चुलीतलं लाकूड बाहेर ओढत होती.
"यात नवीन का हाये?
मसनातून येताना मांगं पाहू नये
हे तं आमच्या इथं लेकराले बी मालूम."

पार्बता गेली तेव्हा आमचं जहाज
सुवेझ ओलांडत होतं. तार नवव्या दिवशी पोचली.
कॅप्टननं दोन ओळी वाचल्या, टोपी काढली.
मी खाली जाऊन पंपाला वंगण दिलं,
तिसऱ्या पंपाची वेळ झाली होती म्हणून.

त्या गुहेत काय होतं?
बकऱ्यांच्या लेंड्या. गोटे.
खाऱ्या पाण्याची एक जीभ, आत-बाहेर.
चाळीस पावलांत संपली.
शेवटी भिंत, ओली,
आणि भिंत म्हणजे भिंतच.
परतताना मी मुद्दाम वळून पाहिलं.
एकदा नाही, तीनदा.
तिसऱ्यांदा कुठून कोण जाणे एक बकरी आलेली,
काहीतरी चघळत बघत होती माझ्याकडं,
दुकान बंद करायच्या वेळी
गिऱ्हाईक आल्यासारखी.

बकरीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

इथलं भुयार त्याहून लहान.
तोंडाशी शेंदराचा दगड, कोणाच्या तरी विडीची थोटकं,
आत वटवाघळांचा वास नाकात जाऊन बसतो.
ओणवं व्हावं लागलं.
सासूनं कमरेची काडेपेटी काढली.
दोन काड्या सादळलेल्या, तिसरी पेटली.
माझ्याकडं न बघता ती बोलली:

"तुमी नव्हते, म्हनून मडकं मीच धरलं.
तिचा बाप तं खाटेवरून उठू शकत नव्हता.
वापस येताना सारे म्हनत, बाई, मांगं पाहू नोको.
मी पायलं."

काडी बोटापर्यंत आली आणि विझली.
काय दिसलं, मी विचारलं अंधाराला.

"का दिसन? जांभळीखाली कुत्रा बसला होता.
एकाच मुंडक्याचा.
भाताच्या गोळ्यावर ध्यान ठेवून."

मग ती हसली.
किंवा खोकली असेल,
भुयारात दोन्ही सारखंच ऐकू येतं.

निघताना मी पुढं झालो.
बाहेर दुपार पांढरी पडलेली.
मागं तिची चप्पल दगडावर घासत होती,
थांबत होती, घासत होती,
मग नुसतीच थांबली.

तोंडाशी गुडघाभर उंचीचा दगड,
आत शिरताना मला तो जाणवलाही नव्हता.
उजेड दोन हातांवर.
मी मागं वळलो.
हात द्या, म्हटलं.
"देऊन राहिली ना," ती म्हणाली,
आणि आधी ते चटका बसलेलं बोट आलं,
मग मनगटावरचं हिरवं गोंदण,
मग ती, सगळी.