खोली नंबर चौदाचं दार

बेलिफाच्या अहवालात तीनच ओळी आहेत:
"दार बंद आढळले. हाका मारल्या, ओ आली नाही.
सबब समन्सची प्रत दारावर ठळक जागी चिकटवली."
खाली दोन पंच. एकाची सही, एकाचा अंगठा.
तारीख बारा मार्च.

बारा मार्चला ते दार
प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात
विटांच्या चार थरांवर आडवं होतं
आणि त्यावर मी, हेमांगी तोडणकर,
कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा ब्लाउज बेतत होते.

गिरगावातली आमची इमारत आदल्या गणपतीनंतर पाडली.
लोकांनी भांडी नेली, देव नेले, एकाने तर मीटर नेला.
मी दार नेलं. सागवानी. कटिंगला बरं.
अजून त्यावर १४ आहे, ऑइलपेंटचा,
चारचा पाय माझ्या कात्रीनं खरवडलेला.
कडीच्या भोकात खडू ठेवते.
डिंकाचा डाग शोधला मी, भिंग लावून.
कुंकवाचा आहे, तेलाचा आहे.
डिंकाचा नाही.

मला कळलं ते बँकेत.
गॅसचे पैसे काढायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली,
"खात्यावर जप्ती आहे, आजी."
मी त्रेपन्न वर्षांची. आजी तेव्हा झाले.

हुकूमनामा एकतर्फी.
म्हणजे पट्टेवाल्यानं मला तीनदा पुकारलं
आणि माझं नाव एकटंच
जिना उतरून फोर्टच्या उन्हात गेलं.

सही माझी आहे. ती मी नाकारत नाही.
भावाला लग्नपत्रिका छापायचं मशीन घ्यायचं होतं, मी जामीन.
एकोणीस हप्ते त्यानं भरले, मग तो गेला.
पावत्या पेढ्यांच्या खोक्यात आहेत.
दाव्यात त्या एकोणीसांचा उल्लेखच नाही.
मला एवढंच सांगायचं होतं.
एवढ्यासाठी तीस दिवस असतात म्हणे,
कळल्यापासून.
सव्विसाव्या दिवशी अर्ज टाकला.

व्हरांड्यात कंपनीचा वकील गोड बोलला,
"ताई, कशाला वाढवता? संमतीच्या अटी तयार आहेत."
होत्याच. माझी संमती
माझ्या आधी टाइप होऊन आली होती.
शेवटी ते वाक्य:
"मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, समजला, मान्य आहे."
कुणी वाचला नव्हता.
मग मी वाचला, उभ्या उभ्या,
टेप लावल्यासारखा, वीत वीत पुढे सरकत.
समन्स रीतसर मिळालं, तक्रार नाही, पुढेही करणार नाही.
कलम सात. तिथे माया ठेवलीच नव्हती.

बाकावरचे मिठबावकर, बोटांना डिस्टेंपर लागलेला,
हळूच म्हणाले, "मी केली होती सही.
चहासुद्धा पाजला होता त्यांनी.
आता सहा वर्षं ह्याच कोर्टात सांगतोय, फसवून घेतली.
बाई, न आलेल्याला निदान विचारतात, का नाही आलास.
सही केलेल्याला काही विचारतच नाहीत."

मी पेन परत केलं. टोपण लावून.

न्यायाधीश बाईंनी पाडकामाचं पत्र पाहिलं, तारीख पाहिली,
दाराचा फोटो बराच वेळ पाहिला.
"हे टेबल आहे?"
"आता आहे."

हुकूमनामा रद्द. पण चौथा हिस्सा भरायचा,
सहा आठवड्यांत. दावा पुन्हा पहिल्यापासून.
जिंकलो, असं आमच्या वकीलबाई म्हणाल्या.
मी त्या रकमेला ब्लाउजच्या शिलाईनं भागत होते.
भाग जात नव्हता.

रात्री मैद्याची खळ शिजवली
आणि पुढची तारीख दारावर चिकटवली,
ठळक जागी, चौदाच्या खाली.
पंच कुणी नव्हते.

सकाळी त्यावरच कापड पसरलं.
शिबिरातल्या एका नव्या सुनेचा ब्लाउज, अंगाबरोबर हवा म्हणाली.
बेतला,
दोन बोटं माया सोडून.