चारशे ग्रॅम

प्रमिला पुण्याला गेली लेकीच्या बाळंतपणाला
आणि तिच्या जागी
कुरियरनं एक भांडं आलं.
पांढरंशुभ्र, दवाखान्यातल्यासारखं,
पोटात वजनकाटा, कपाळावर निळा दिवा,
वायफाय नसलं तर मुकं.

पहिल्याच दिवशी म्हणालं, भाषा निवडा.
अनगोळात असं कोण विचारतं?
दूधवाल्याशी कन्नड, त्याच्या म्हशीशी मराठी,
उधारीवरून वाजलं तर दोन्ही, एकाच वाक्यात.
मी मराठी निवडली.
तर ते छापील बोलायला लागलं:
कृपया झाकण नीट लावावे.
लावलंय की, म्हटलं.
लावलंय की रे बाबा!
त्याला 'की' कळेना.

मला यंत्रांचं वावडं नाही.
उद्यमबागेत एकतीस वर्षं भट्टीसमोर काढलीत.
नागाप्पा मेस्त्री वितळलेल्या लोखंडाचा रंग बघायचा
आणि म्हणायचा, ओता.
किंवा, थांबा, अजून एक बिडीभर.
मग पायरोमीटर आला.
नागाप्पा आठवडाभर डबा एकटाच खायचा.
खरं सांगायचं तर
त्या वर्षी वाया जाणारा माल निम्म्यावर आला.
म्हणून भांड्यालाही पुरते पंधरा दिवस दिले.

भात करायचं. बराच करायचं.
पण खानापूरकडचा नवा तांदूळ पाणी कमी पितो,
आणि त्याच्या यादीत तांदूळ म्हणजे तांदूळ,
नवा का जुना, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.
चार दिवस खिमट खाल्लं, आजाऱ्यासारखं.
आमटी सतरा मिनिटं म्हणालं, सतराव्या मिनिटाला शिट्टी,
मोहरी तडतडली का नाही ते मात्र बघितलं नाही कुणी.
भाकरीचं तर नावच काढू नका,
त्याच्या पोटात हात घालून थापणार कशी?
एकदा मध्येच लाईट गेली.
आल्यावर त्याला आठवेना, आपण काय करत होतो.
माझंही होतं असं हल्ली.
पण मी निदान झाकण काढून बघतो.

सोळाव्या दिवशी गुपचूप गॅसवर परतलो.
साडेबाराला स्नेहलचा फोन:
बाबा, जेवण नाही केलंत?
भांडं चालू झालं नाही की तिच्या मोबाईलवर कळतं म्हणे.
अवघडलेल्या पोरीला काय सांगणार?
दुसऱ्या दिवसापासून
दोन फुलपात्री पाणी भांड्यात, बटण, निळा दिवा.
तिकडे तिच्या हातात: जेवण तयार.
इकडे लोखंडी कढईत वांगं, तिळकूट घालून,
तेल सुटेपर्यंत.

अकरा दिवस निभावलं.
मग एका संध्याकाळी प्रमिला. मागं बाळाचं रडणं, नवंकोरं.
मुलगी झाली, म्हणाली, सगळं व्यवस्थित,
आणि त्याच दमात, आवाज खाली आणून:
काय ओ, रोज चारशे ग्रॅम?
गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही?
भात करालायसा का पाणी तापवालायसा?

वजनकाटा. विसरूनच गेलो होतो.
फौंड्रीत आयुष्य काढलेला माणूस, काट्यावर सापडला.

गप्प बसलो. तीही.
मग म्हणाली, चालू ठेवा तसंच.
तो दिवा लागलेला दिसला की पोरगी दोन घास नीट खाते.
फक्त एखाद्या दिवशी चारशेवीस करा,
एखाद्या दिवशी साडेतीनशे.
माणसाची भूक काय मापात असते होय?

आता रोज सव्वाबाराला पाणी ठेवतो, अंदाजानं.
उकळलं की ते म्हणतं, आपले जेवण तयार आहे.
होय की, म्हणतो मी,
आणि ते पाणी परातीतल्या ज्वारीच्या पिठावर ओततो.
पीठ जुनं असलं की आधणाचंच पाणी लागतं,
नाहीतर भाकरी कडेनं चिरते.
पाणी मात्र बरोबर तापवतं,
हे कबूल करायला हवं. नागाप्पासुद्धा
आठवड्यानं का होईना, बोलायला लागला होता.