निळ्याचा हिशेब

डॉक्टर म्हणाला, काताराता.
सातुर्निनाचं स्पॅनिश बाजारापुरतं,
आणि तिच्या स्पॅनिशमध्ये काताराता म्हणजे धबधबा.
ती हसली.
माझ्या डोळ्यात धबधबा?
मग आवाज कुठाय त्याचा?

घरी ती त्याला ढग म्हणायची.
आपण मोती म्हणतो.
पिकून पांढरा झालेला पाहिला असेल कुणीतरी
दुसऱ्याच्या डोळ्यात, आणि नाव देऊन टाकलं.
ज्याचा डोळा, त्याला मोती दिसत नाही.
त्याला दिसतं
चहाच्या न विसळलेल्या पेल्यातून दिसावं तसं.

कुस्कोच्या वरच्या पठारावर
हवा विरळ, ऊन थेट.
साठ वर्षं ती उघड्यावर बसली,
मागाचं एक टोक खुंटाला, एक कमरेला,
टोपीची कड बोटभर.

सात वर्षांत तीन चष्मे झाले.
पहिल्याने दोन हिवाळे काढले,
दुसऱ्याने एक.
तिसरा लामाने तुडवला,
त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.
शेजारीण म्हणाली, मध घाल.
घातला. डोळा झोंबला,
ढग तिथेच.

थेंबांनी हा विरघळत नाही, डॉक्टर म्हणाला,
हे तुमचंच भिंग, आतलं, धुरकटलेलं.
काढायचं आणि दुसरं बसवायचं.
घाई नाही म्हणा,
पण सुईत दोरा ओवता येईनासा झाला
की समजा वेळ आली.

दोरा इलारिया ओवते, ती म्हणाली.
सून चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिली.

मग त्याने विचारलं, लांबचं की जवळचं?
दोन्ही दाखवणारं भिंगही असतं,
पण ते लिमात, पैसे मोजून.
शिबिरात एकच मिळेल.
लांबचं म्हणजे डोंगर, कळप,
खाणीवरून येणाऱ्या बसची धूळ.
लांबचं मला पाठ आहे, ती म्हणाली.
डोंगर जागा सोडत नाही.
सूत सोडतं.

वीस मिनिटं लागली.
डोळा बधिर, वर दिवा, गुलाबी काहीतरी सरकलं,
आणि पाणी, बारीक, सतत,
कानशिलावरून खाली.
हाच का तो तुमचा धबधबा, तिने विचारलं.
डॉक्टर म्हणाला, बोलू नका.
नंतर कळलं, टाका घातलाच नाही.
विणकरणीला हे पटेना.
टाका नाही? मग उसवेल की.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली
आणि निळा आला.
बादलीचा निळा, नर्सच्या मोज्यांचा निळा,
सात वर्षं कुठे होता हा,
कुणाकडे राहायला गेला होता?

घरी येऊन तिने पेटी उघडली.
ढगातल्या वर्षांच्या शाली
एकेक खाटेवर पसरल्या.
निळ्याच्या जागी निळा,
काळ्याच्या जागी काळा, कुठे चूक नाही.
ती बराच वेळ गप्प होती.
मला तर हे दोन्ही एकच दिसायचे.

मग नाक टेकवून, उजव्या डोळ्याने,
काठापासून वाचत गेली.
चौथ्या पट्ट्यात सापडलं:
निळं सूत तेवढं जरा ताणलेलं,
दुसऱ्या हाताचं.
रात्री उसवून, रात्रीच विणून
सकाळच्या आत घडी घातलेलं.

इलारिया चुलीशी होती, पाठमोरी.
घट्ट ओढतेस तू, म्हातारी म्हणाली.
हो, इलारिया म्हणाली.
फुंकणी आणखी जोरात फुंकली.

दुसऱ्या डोळ्याची तारीख
सप्टेंबरची दिली होती. ती टळून गेली.
डॉक्टरने निरोप पाठवला, चालेल,
पण फार पिकू देऊ नका.
तिचं आपलं चालूच असतं, शाल मांडीवर घेऊन:
उजवा झाकते, ही माझी.
डावा झाकते,
ही दोघींची.
परत उजवा.