चौदा वर्षांचे गज

व्होलोसला गच्चीवर उघडे सोडलेले गज,
पुढच्या मजल्यासाठी,
त्यांना 'प्रतीक्षा' म्हणतात.
स्तामातिसचे चौदा वर्षं उभे आहेत.
एव्हान्थिया त्यांना दोरी बांधून चादरी वाळवते.

रेडिओ म्हणतो, बांधकामाला यंदा बरे दिवस.
समोर हॉटेलचा पाया खणलाय,
सिमेंटच्या गाड्या बंदराकडून पुन्हा वर येतात.
गवंडीच मिळत नाहीत म्हणे.
मिळतील कसे?
लेक स्टुटगार्टात
दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात धरतो.

आज तारेचा ब्रश घेऊन म्हातारा वर चढला.
एकेक गज खरवडतोय,
नखानं बघतोय
गंज किती, लोखंड किती.

खाली फोन वाजतो.
"उचल गं," तो ओरडतो,
"विचार त्याला,
खिडकी समुद्राकडे ठेवू की डोंगराकडे."